मास्तर आणि तीन चेंडू

दात गेले तेव्हा मास्तरांनी क्लॅरिनेट वाजवणं सोडलं, पण फुंकणं काही सोडलं नाही. चहा फुंकून प्यायचे, तो गार झालेला असला तरी. चष्मा पुसायच्या आधी काचेवर फुंकर मारायचे. वर्तमानपत्र उघडण्याआधी त्यावर एक फुंकर जायची, जणू बातम्यांवर रात्रभर धूळ बसली होती. लेक म्हणायची, बाबा, तुमच्या वाऱ्याने एखाद्या दिवशी घराचे पडदे उडतील. मास्तर म्हणायचे, तेवढा वारा असता तर मी दुकानात बसलो असतो का?

दुकान खालच्या मजल्यावर होतं आणि ते राहायचे वर. तरुणपणी ते शहराच्या बँडमध्ये वाजवायचे, पुढे बँडचे मास्तर झाले, आणि बँड मोडल्यावरही मास्तरच राहिले. लग्नाची वरात असो, शाळेचं संचलन असो की कुणाची अंत्ययात्रा, सगळ्यांपुढे ते ताठ मानेने चालले होते. उरलेल्या वेळात वाद्यं दुरुस्त करायचे. बँड गेला, दुरुस्ती राहिली. नव्वदीला टेकले तरी सकाळी जिना उतरून दुकानाची फळी उघडायची आणि खिडकीपाशी आपल्या उंच स्टुलावर बसायचं, हा नेम चुकला नव्हता. गिऱ्हाइकं आता मोजकीच. शाळेतली मुलं, एखादा हौशी निवृत्त कारकून. तुटलेली स्प्रिंग, सुजलेलं बूच, फाटलेली गादी. क्लॅरिनेटच्या भोकांवर टेकणाऱ्या त्या बारीक चामडी गाद्या मास्तर अजूनही चिमट्याने अलगद बसवत. हात कापायचा, पण कामाला लागला की थांबायचा.

लेक अठ्ठावन्न वर्षांची. चष्म्यांच्या दुकानात नोकरी. नवरा गेल्यावर ती बाबांकडे राहायला आली, असं तिचं म्हणणं. तिला एकटीला करमेना म्हणून मीच तिला बोलावून घेतलं, असं मास्तरांचं. हा वाद दोघांनी मिटू दिला नव्हता, कारण तो मिटला तर संध्याकाळी बोलायचं काय?

पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं ते जिन्यामुळे. बाबा मधल्या वळणावर थांबायला लागले. विचारलं तर म्हणायचे, खिडकीतून रस्ता बघतोय. पण त्या वळणावर खिडकी नव्हती. मग ओठ पांढरे दिसायला लागले, जेवण अर्ध्यावर यायला लागलं आणि पोट सारखं गच्च. तिने धरून डॉक्टरांकडे नेलं. रक्त फार कमी निघालं. रक्त जातंय कुठे हे शोधता शोधता मोठ्या आतड्यात गाठ सापडली. कॅन्सरची होती. पसरलेली नव्हती, पण वाट निम्मी अडवून बसली होती.

सर्जन बाई पन्नाशीच्या आतल्या, बुटक्या, बोलायला सरळ. त्यांनी लेकीकडे बघून सांगायला सुरुवात केली, तसं मास्तरांनी हात वर केला.

"पोट माझं आहे. इकडे बघून बोला. जरा मोठ्याने."

बाईंनी खुर्ची वळवली आणि त्यांच्याकडे बघून, मोठ्याने, सगळं सांगितलं. गाठ तशीच ठेवली तर काही महिन्यांत वाट पूर्ण बंद होईल. मग घाईघाईत पोट उघडावं लागेल, आणि ते या वयाला झेपत नाही. आत्ता नीट तयारी करून केलं तर तेवढा तुकडा काढून दोन टोकं जोडता येतील. धोका आहेच. हृदय वयाच्या मानाने ठणठणीत आहे, प्रश्न फुप्फुसांचा आहे. गेल्या थंडीत छातीत कफ भरला होता ना? भूल दिल्यावर फुप्फुसांनी साथ दिली नाही तर पुढे सगळं अवघड. तेव्हा आधी रोज चालायचं, चांगलं खायचं, श्वासाचा व्यायाम करायचा, रक्त वाढायला इंजेक्शनं घ्यायची. मग मी पुन्हा बघेन. फुप्फुसं तयार नसतील तर मी हात लावणार नाही. मग त्रास कमी ठेवायचा, बस.

मास्तरांनी विचारलं, "जोड गळत नाही हे कसं बघता?"

बाईंना प्रश्न आवडला असावा. त्या म्हणाल्या, कधी आत हवा भरतो, जोड पाण्याखाली धरतो आणि बुडबुडे येतात का बघतो. सायकलच्या ट्यूबसारखं. नाहीतर डोळ्यांनी आणि बोटांनी.

"म्हणजे आमच्यासारखंच," मास्तर म्हणाले. "दुरुस्त होण्यासारखं असेल तर करा. मला अजून बसायचंय दुकानात. नसेल तर तसं सांगा, उगाच हिला हेलपाटे नकोत."

त्यांच्यापुरता विषय संपला. परत येताना टॅक्सीत ते खिडकीबाहेर बघत कुठलीशी धून पुटपुटत होते. लेकीला मात्र त्या रात्री झोप लागली नाही, पुढच्याही रात्री नाही.

कारण आईच्या ऑपरेशनच्या वेळी होकार तिने दिला होता. आई तशी बरी होती, हसत बोलत आत गेली, आणि बाहेर आली ती नळ्यांच्या जंजाळात. पुढे बोललीच नाही. कुणाची चूक नव्हती, सगळ्यांनी सांगितलं होतं तिला. पण हो म्हणणारं तोंड तिचं होतं, आणि ते तिला रोज आरशात दिसायचं.

धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात. त्याचा फोन यायचा आणि तो सल्ल्यांनी भरलेला असायचा. आधी म्हणाला, करून टाका. मग कुणीतरी त्याला काहीतरी सांगितलं, तेव्हा म्हणाला, या वयात कशाला त्यांना फाडायचं? मग म्हणाला, ताई, तू जवळ आहेस, तुला जास्त कळतं. तिने फोन ठेवला आणि भांडी घासली, घासलेलीच पुन्हा घासली.

तर श्वासाच्या व्यायामासाठी दवाखान्यातून एक खेळणं मिळालं होतं. पारदर्शक प्लास्टिकचा डबा, त्यात उभे तीन कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक हलका रंगीत चेंडू आणि बाजूला तोंडात धरायची नळी. तीनही चेंडू वर जायला हवेत आणि थोडा वेळ वरच राहायला हवेत. व्यायाम शिकवणारी मुलगी हे सगळं समजावत होती तेव्हा लेक रिपोर्टच्या रांगेत उभी होती. नंतर कळलं ते एवढंच की मास्तरांनी नळी बघितली, हसले आणि म्हणाले, "पोरी, तू मला हे शिकवणार? तुझा आजोबा जन्मला नव्हता तेव्हापासून मी हेच करतोय." ती पण हसली, म्हणाली, मग तुमची काळजीच नाही. तेवढ्यात पुढच्या पेशंटला हाक आली.

मास्तर डबा घेऊन दुकानात बसायचे. वर घरात नको म्हणाले, सरावाची जागा दुकान. लेक कामावर निघायची तेव्हा दाराच्या फटीतून बघायची. बाबा पाठ सरळ करायचे, खांदे सैल सोडायचे, ओठ हिरड्यांवर ओढून नळीभोवती घट्ट धरायचे, अगदी क्लॅरिनेट धरायचे तसे. आणि फुंकायचे. मानेच्या शिरा टरारून फुगायच्या, गाल मात्र नाही, गाल फुगवणाऱ्याला त्यांनी बँडमध्ये कधी उभं केलं नव्हतं. चेहरा लाल व्हायचा.

चेंडू ढिम्म हलायचे नाहीत. तीन चेंडू, तिन्ही तळाशी, डबक्यातल्या दगडांसारखे.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिला रडू आलं. ज्या माणसाचा सूर चार गल्ल्या पलीकडे ऐकू जायचा, ज्याचा सूर ऐकून आई गॅसवर भाजी ठेवायची कारण आता पाच मिनिटांत घरी येणार, त्याच्याच्याने एक प्लास्टिकचा चेंडू उचलेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितलं. तिसऱ्या दिवशी बाबांनी डबा भिंतीकडे तोंड करून ठेवलेला दिसला. त्यांनाही कळलं होतं तर. ते बोलले नाहीत. तीही बोलली नाही.

आणि मग तिला जाणवलं की आपल्याला हायसं वाटतंय. झोप लागायला लागलीय. फुप्फुसं तयार नाहीत म्हटल्यावर बाई हात लावणार नाहीत. कुणाला हो म्हणायला नको, कुणाला नाही म्हणायला नको. चेंडूंनीच काय ते सांगून टाकलं होतं. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीचा चौकशीला फोन आला, कसं चाललंय आजोबांचं, तेव्हा ती म्हणाली, चाललंय. खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

बाकी मास्तर सगळं मन लावून करत होते. अंडी खात होते, दूध पीत होते, संध्याकाळी तिच्या दंडाला धरून गल्लीच्या टोकापर्यंत चालत होते. चालताना पाय आपोआप तालात पडायचे. लेकीचा पाय चुकला की ते तिच्या दंडावर बोटाने ठोका द्यायचे. न्हावी दुकानातून ओरडायचा, मास्तर, बँड कुठे? मास्तर म्हणायचे, मागून येतोय. तिला त्यांच्याबरोबर चालताना चोरट्यासारखं वाटायचं.

ठरलेल्या दिवशी दोघं पुन्हा दवाखान्यात गेले. मास्तरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. डबा पिशवीत होता, आणि ती पिशवी त्यांनी लेकीच्या हातात दिली नाही, मांडीवर धरून बसले. सर्जन बाईंनी रक्ताचा रिपोर्ट बघितला, बरं वाढलंय म्हणाल्या. चालायला लावलं, ते चालले. मग व्यायाम शिकवणाऱ्या मुलीला बोलावलं.

"दाखवा आजोबा."

मास्तरांनी डबा टेबलावर ठेवला. क्षणभर लेकीकडे बघितलं. मग पाठ सरळ करून, ओठ घट्ट आवळून, जीव खाऊन फुंकले.

चेंडू जागचे हलले नाहीत.

"अहो आजोबा, ओढायचंय," ती मुलगी म्हणाली. "श्वास आत ओढा. फुंकायचं नाही."

मास्तरांनी मान डोलावली, नळी तोंडात धरली आणि पुन्हा फुंकले. मुलीने स्वतः ओढून दाखवलं, हातवारे केले, मोठ्याने सांगितलं. मास्तर म्हणाले, हो हो, कळलं. नळी ओठांना लागली की पुन्हा तेच. सत्तर वर्षं ओठांत काही आलं की छातीने बाहेरच ढकललं होतं. डोक्याला कळत होतं, छातीला कळत नव्हतं. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. आता त्यांना दम लागला, आणि त्यांनी डबा हळूच पुढे सरकवला, बिघडलेलं वाद्य गिऱ्हाइकाला परत करावं तसा.

"राहू द्या," ते म्हणाले. "झालं माझ्याच्याने एवढंच."

मुलीने सर्जन बाईंकडे बघितलं. बाईंनी पेन उचललं, खाली ठेवलं, आणि आता काहीतरी हळुवार बोलायचंय अशा बेताने खुर्ची पुढे ओढली.

लेक सगळं बघत होती. तिला सगळं कळलं होतं. फुप्फुसं संपलेली नव्हती, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. आणि बाबांना आत ओढता येत नाही हे धादांत खोटं होतं. लहानपणी दुकानाच्या जमिनीवर बसून तिने ते हजारदा बघितलं होतं. गादी बसवून झाली की बाबा क्लॅरिनेटचा तुकडा उचलायचे, भोकांवर बोटं दाबायचे, खालचं तोंड तळव्याने बंद करायचे आणि वरच्या टोकाला ओठ लावून आतली हवा ओढून घ्यायचे. कुठे गळत नसेल तर तुकडा ओठाला चिकटून राहायचा. मग सोडला की टप्प असा आवाज. त्या आवाजावर तिला हसू यायचं, म्हणून तिच्यासाठी ते दोनदा करायचे.

हे त्या खोलीत फक्त तिला माहीत होतं. ती गप्प बसली असती तरी चाललं असतं. कुणी काही म्हणालं नसतं. बाबा घरी आले असते, गल्लीच्या टोकापर्यंत चालले असते, काही महिने. होकार तिच्या तोंडून गेला नसता.

बाबा शर्टाची कॉलर सारखी करत होते.

"बाबा," ती म्हणाली. त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून मोठ्याने म्हणाली. "बाबा, वाजवू नका. जोड तपासा."

मास्तरांनी वळून बघितलं.

"गळतोय का बघायचंय. तपासता ना, तसं."

त्यांनी डबा पुन्हा जवळ घेतला. या वेळी पाठ ताठ केली नाही. उलट थोडे वाकले, कामावर वाकायचे तसे, डोळे बारीक केले, नळी ओठांत अगदी हलकी धरली आणि ओढलं. पहिला चेंडू टुणकन वर गेला. मग दुसरा. तिसरा जरा डळमळला, आणि गेला. तिन्ही वर जाऊन टेकले आणि तिथेच राहिले. मास्तर डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्यांच्याकडे बघत होते आणि ओढतच होते, आणि सर्जन बाई म्हणाल्या, पुरे, मास्तर, पुरे.

त्यांनी नळी सोडली. चेंडू एकामागून एक खाली पडले.

"गळत नाही," मास्तर म्हणाले.

ऑपरेशन झालं. लेक बाहेरच्या बाकावर बसून होती, भाऊ पहिल्या गाडीने येऊन शेजारी बसला होता आणि प्रथमच सल्ला देत नव्हता. बाई बाहेर आल्या, तोंडावरचा मास्क खाली ओढून म्हणाल्या, गाठ पूर्ण निघाली. जोड छान बसलाय. पोटावर शौचाची पिशवी लावावी लागली नाही. आता त्यांनी उठायला हवं.

उठायच्या आधी मास्तर थोडे भरकटले. भुलीनंतर या वयात होतं असं, सिस्टर म्हणाली. त्यांनी सलाइनच्या स्टँडला नोटेशनचा स्टँड समजून त्याची उंची बदलायला सांगितली. शेजारच्या खाटेवर एक म्हातारा ट्रकवाला होता, त्याला त्यांनी ढोलवाला समजून, घाई करतोस म्हणून झापलं. ट्रकवाला बिचारा म्हणाला, चुकलं मास्तर. लेक त्यांचा हात धरून बसली, चष्मा डोळ्यांवर चढवला, कानातलं यंत्र लावलं आणि पुन्हा पुन्हा सांगत राहिली, बाबा, दवाखाना आहे, मी आहे. हळूहळू ते परत आले. डोळ्यांत ओळख आली तेव्हा पहिलं विचारलं ते दुकानाला कुलूप लावलं का.

मग सुरू झालं वेगळंच वाट बघणं. आतडं जागं झालं की वारा सरतो, आणि तो सरेपर्यंत डॉक्टरांच्या जिवाला चैन नसतं. रोज सकाळी बाई यायच्या, पोटावर हात ठेवायच्या आणि विचारायच्या, गॅस गेला का? मास्तर मान हलवायचे. सिस्टर विचारायची. मावशी फरशी पुसताना विचारायची. भाऊ दवाखान्याच्या गेटवरून फोन करून विचारायचा. आयुष्यभर वाऱ्यावर पोट भरलेला माणूस, आणि सगळं जग त्याच्याकडे एवढंसं मागत होतं तर ते त्याला देता येत नव्हतं. पोट फुगत चाललं होतं. लेकीची झोप पुन्हा उडाली होती. होकार तिचा होता. पुन्हा.

दुपारी ती त्यांना धरून खाटेच्या कडेला बसवायची. खोकला आला तर टाक्यांवर धरायला छोटी उशी दिली होती, ती ते छातीशी कवटाळून बसायचे. चेंडू रोज वर जात होते, आता तर सवय झाली होती.

"मी दुकानात फुंकत होतो," मास्तर अचानक म्हणाले, "तेव्हा तू दारातून बघायचीस."

ती बाटलीतलं पाणी ग्लासात ओतायला लागली.

"चेंडू हलत नव्हते हे तुला दिसत होतं."

"हो."

"मग बोलली का नाहीस? तोंडात तीळ भिजत नाही एरवी तुझ्या."

तिने त्यांची चादर सारखी केली. ती सारखीच होती. "मला भीती वाटत होती."

"कशाची? नाही हलले तर?"

"हलले तर," ती म्हणाली.

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. त्यांना तिची आई आठवली असावी, कारण त्यांनी तिच्या दंडावर बोट ठेवलं, चालताना ठोका द्यायचे तिथेच.

"आणि मी डबा भिंतीकडे फिरवत होतो," ते म्हणाले, "तुला दिसू नये म्हणून. तू रडशील म्हणून. वेडे दोघंही. मी उलटं वाजवतोय आणि तू ते ऐकून रडतेयस."

हे त्यांना स्वतःलाच इतकं पटलं की ते हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत. तिलाही हसू आलं, डोळ्यांतल्या पाण्यासकट. ते म्हणाले, हसवू नकोस गं, टाके ओढतात, आणि उशी पोटावर दाबली आणि आणखीच हसले.

आणि तेव्हा ते झालं. लांबलचक, खर्जातलं, मधे किंचित अडखळलेलं आणि शेवटी स्वच्छ.

मास्तर हसायचे थांबले. मान कलती करून, नव्या बसवलेल्या गादीचा आवाज ऐकावा तसे लक्ष देऊन बसले. चेहऱ्यावर मोठं समाधान पसरलं.

"जा," ते म्हणाले. "सिस्टरला सांग."

पडद्याच्या पलीकडून ट्रकवाल्याचा आवाज आला. "वन्स मोअर."

लेक बाहेर आली. वॉर्ड लांबच लांब होता आणि सिस्टर पार दुसऱ्या टोकाला औषधांच्या ट्रॉलीपाशी उभी होती. हा असला शब्द तिने घरातसुद्धा कधी तोंडातून काढला नव्हता. आई चिडायची. ती अर्ध्या वाटेपर्यंत झपाझप चालली, मग तिला धीर निघेना, आणि खाटांच्या दोन्ही रांगांच्या मधे उभी राहून तिने बाबांच्या बँडपुढच्या आवाजात सगळ्या वॉर्डला ते सांगून टाकलं.